बाबा काय म्हणाले

बाबांच्या उजव्या गालावरचा साबण पुसता पुसता त्यांच्या लेकीचा, मेट्रनचा, हात थांबला. खाली रस्त्यावरून आत्याचा आवाज येत होता, म्हणजे उपासना सुटून मंडळी घरी पोचली होती. आणि मग तो आवाज एकदम बंद झाला. आत्याचा आवाज बंद होणं ही या घरात साधी गोष्ट नव्हती. स्वतःला कमी ऐकू येत असल्यामुळे ती सगळ्या जगालाच बहिरं समजून बोलायची. पाठीमागे तिला सगळे तोफ म्हणत. तोफ गप्प झाली म्हणजे काहीतरी घडलं होतं.

मेट्रनने वस्तरा वाटीत ठेवला आणि खिडकीतून वाकून पाहिलं.

दुकानाच्या पायरीवर बारक्या उभा होता.

सहा फूट उंच, कानशिलं पिकलेली, पण घरातलं शेंडेफळ म्हणून बारक्या तो बारक्याच. खांद्याला एक पिशवी. त्याच्या समोर दादा, हातात चर्चचं गीतांचं पुस्तक घेऊन, शाळेत उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसा बघत होता. वहिनीनं दादाची बाही धरून ठेवली होती. आठ वर्षांनी दोन भाऊ समोरासमोर आले होते आणि दोघांनाही पहिला शब्द सापडत नव्हता.

"अरे मेल्या!" तोफ अखेर उडाली. "जिवंत आहेस होय! वर चल आधी. तुझा बाप पडलाय वर."

आणि आत्यानं त्याच्या कमरेला मिठी मारली, कारण त्याहून वर तिचे हात पोचत नव्हते.

मेट्रन मागे वळली. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांचा डावा डोळा पूर्ण उघडा होता, उजवा अर्धा. त्यांनी ऐकलं होतं.

"हो," ती म्हणाली. "तोच आहे." आणि तिनं उरलेला साबण जरा जोरातच पुसला.

*

खालच्या मजल्यावरचं दुकान बाबांचं आयुष्य होतं. पियानो आणि चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचे, सूर लावायचे. दादाच्या हाताला ते काम कधी लागलं नाही. तो शिकला, मास्तर झाला, मग हेडमास्तर. मेट्रन नर्सिंगला गेली, वॉर्ड सांभाळता सांभाळता इस्पितळाची मेट्रन झाली, आणि मग घरीदारी तेच तिचं नाव पडलं. बाबांचा कान उचलला तो एकट्या बारक्यानं. शेजारच्या खोलीत एखादी तार केसभर उतरली तरी जेवता जेवता तो मान वर करायचा, आणि बाबांची छाती फुगायची.

आणि मग हा मुलगा संध्याकाळी एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायला लागला. बाबा म्हणाले, "ज्या हातांनी देवाच्या घरची वाद्यं लावायची, त्याच हातांनी पिणाऱ्यांना नाचवायचं, हे माझ्या छपराखाली चालणार नाही." बारक्या म्हणाला, "मग छप्पर तुम्हालाच राहू दे." एवढंच. लोक म्हणतात शब्दानं शब्द वाढतो. इथे दोन वाक्यांतच सगळं आटोपलं होतं.

पुढे आई आजारी पडली तेव्हा मेट्रनने त्याला फोन केला. "बाबांनी स्वतः बोलावलं तर येईन," तो म्हणाला. तिनं ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आईसाठी यायला त्याला माझं आमंत्रण लागतं?" दोन हट्टी माणसांच्या मधे आई झिजत गेली आणि गेली. शवपेटीला पुढून एका बाजूनं दादा, मागून दोन चुलतभाऊ, आणि दादाच्या शेजारचा चौथा खांदा कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यानं दिला. भला माणूस, पण बुटका. पेटी सबंध वाट एका बाजूला कलत होती. मेट्रन मागून चालत होती आणि तिला फक्त तो कललेला कोपरा दिसत होता.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. डोकं शाबूत राहिलं. शरीराची उजवी बाजू आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे आवाज येई, पण ओठ मिटत नसल्यानं अर्धे शब्द वाटेतच सांडत. मेट्रनने लांबची रजा टाकली आणि घरी आली. इतरांना जो नुसता घरघराट वाटे त्यातले शब्द तिला हळूहळू उलगडायला लागले. आता बाबांना काही म्हणायचं असलं की घर तिच्या तोंडाकडे बघायचं. "बाबा काय म्हणाले?" हा या घरातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न झाला होता.

आणि खोटं कशाला बोला, ते तिला आवडायला लागलं होतं. कधीमधी ती थोडी कात्रीही लावायची. वहिनीनं मायेनं आणलेल्या सूपाबद्दल बाबा म्हणाले होते, "भांडी धुतलेलं पाणी आहे." मेट्रनने सांगितलं, "आवडलं म्हणतात." दादाबद्दल म्हणाले, "हा आला की मला शाळेत बसल्यासारखं वाटतं." तिनं सांगितलं, "येत जा म्हणतात." यात कुणाचं काय बिघडलं? घरात शांतता राहिली. बाबा नुसते तिच्याकडे बघायचे, आणि ती उशी सारखी करायची.

*

सगळे बाबांच्या खोलीत जमले. बारक्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. पिशवी त्यानं खांद्यावरून काढली नव्हती.

"बाबा," तो म्हणाला, "मी... मला परवाच कळलं. एका ऑर्गनवाल्यानं सांगितलं. चारच्या गाडीनं परत जातोय. फक्त बघायला आलो होतो."

"बघितलंस," दादा म्हणाला.

बाबांचा डावा हात चादरीवर सरपटत पुढे आला. तोंड उघडलं, जबडा हलला.

"ई... ओला... यला... हअं... ओतं."

"ओलं?" वहिनी लगबगीनं पुढे झाली. "चादर ओली झाली वाटतं. अहो, बाजूला व्हा जरा."

"ओत म्हणतोय तो!" आत्या गरजली. "पाणी ओत म्हणतोय! घसा सुकलाय माझ्या भावाचा!"

बाबांनी मान हलवली. कपाळावर घाम आला. पुन्हा तेच, अधिक जोरात, एका दमात. "ई ओलायला हअं ओतं!" आणि मग त्यांनी मेट्रनकडे पाहिलं. पाठोपाठ सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बारक्यानंही.

"ताई, काय म्हणतायत?"

तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. शब्दन् शब्द. मी बोलवायला हवं होतं.

वर्षभर ती या माणसाचं अंग पुसत होती, कूस बदलत होती, रात्री उठत होती. एवढ्या काळात त्यांनी अशी एकही गोष्ट कुणाला म्हटली नव्हती. आईच्या कबरीवरसुद्धा नाही. आणि हा दारात येऊन उभा राहतो न राहतो तोच!

"नीट लागलं नाही," मेट्रन म्हणाली. "त्यांना जरा पाणी पाजते. तुम्ही सगळे बाहेर बसा."

तिचं हे वाक्य इतकं सहज बाहेर पडलं की तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

सगळे गेल्यावर तिनं चमच्यानं पाणी पाजलं. बाबांनी तिसरा चमचा जिभेनं लोटून दिला आणि तिचं मनगट धरलं. डाव्या हातात अजून ताकद होती. डोळे तिच्यावर रोखलेले. सांग त्याला, असं म्हणायला त्यांना ओठांची गरज नव्हती.

"कळलं मला, बाबा," ती म्हणाली. मनगट सोडवून ती स्वयंपाकघरात गेली.

*

दादा ओट्याला टेकून उभा होता. वहिनी पाव कापत होती, पण सुरी तशीच हवेत धरून तिनं विचारलं, "काय म्हणत होते हो?"

"सांगितलं ना, लागलं नाही."

"मेट्रन," दादा हळूच म्हणाला, "खोटं बोलणाऱ्या मुलांची तोंडं बघण्यातच माझी नोकरी गेली. तुला कळलंय. आणि खरं सांगू? मला ते ऐकायचं नाही."

तिनं हातातला चमचा नळाखाली धरला.

"तो चारला जातोय. जाऊ दे. आज रडेल, पाया पडेल, चार दिवस राहील आणि पुन्हा निघून जाईल. मग बाबांना सावरणार कोण? तू. डॉक्टर काय म्हणाले होते? मनाला धक्का नको. मग?"

"मी काही वाईट सांगत नाहीये, ताई," वहिनीनं सुरी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पण वर्षभर तुमची हाडं झिजलेली मी बघितलीयत. तुम्ही शेवटचं चर्चला कधी आलात, आठवतंय? आणि जो आईंच्या मातीला आला नाही, त्याला एका दिवसात सगळं मिळायचं? तुम्ही एवढंच म्हणा, 'बाबा म्हणाले, सुखी राहा.' याच्यात खोटं काय आहे? बापाच्या मनात तेच असतं की. आणि या घरात तुम्ही म्हणाल तेच बाबा म्हणाले."

वहिनी हे मायेनं म्हणाली होती, म्हणूनच ते वाक्य थेट आत गेलं.

"पाव वाळतोय," मेट्रन म्हणाली आणि जिन्यानं खाली दुकानात आली. निदान तिथे कुणी नसेल.

पण बारक्या तिथेच होता. बंद पडलेल्या एका उभ्या पियानोची पुढची फळी काढून तो आत बघत होता. हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा कसरीनं खाल्लेला होता.

"वाजवत नाहीये," तो घाईनं म्हणाला. "नुसतं बघतोय."

"वाजव की. आता कोण अडवणार?"

टोमणा त्याला लागला. त्यानं फळी परत जागेवर बसवली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लावल्या. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "आई शेवटी काही म्हणाली का?"

या प्रश्नाची ती दोन वर्षं वाट बघत होती. उत्तर तिच्याजवळ घासून पुसून तयार होतं. आई दाराकडे तोंड करून झोपायची, कूस बदलली तरी मान फिरवायची, जिन्यात पाऊल वाजलं की विचारायची, बारक्या का? एवढं सांगितलं असतं तर हा माणूस जन्मभर सुखानं झोपला नसता. आणि गंमत म्हणजे यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"तुझं नाव घ्यायची," ती म्हणाली.

"रागानं?"

'हो' म्हणायला मेट्रनचं तोंड उघडलं. आईचा चेहरा समोर आला. आणि कितीही प्रयत्न केला तरी त्या चेहऱ्यावर राग बसवता येईना. "नाही," ती म्हणाली. "आईला रागानं नाव घेता येत होतं का कुणाचं?"

बारक्यानं मान खाली घातली. मग बाहीनं नाक पुसत म्हणाला, "ताई, बाबा काय म्हणाले ते तूच सांग मला. दादाकडून नको. तो सुधारून सांगेल. तू जे असेल ते सांगशील. जा म्हणाले असतील तर जा म्हणून सांग, मी जाईन. लहानपणी मला जेवढा मार बसला तो सगळा तुझ्या खरं बोलण्यामुळे बसलाय." तो कसानुसा हसला. "म्हणून म्हणतो."

"वर जा," ती म्हणाली. "आत्या एकटीच ओरडत बसली असेल. मी आलेच."

त्याची पावलं जिन्यावर विरली आणि मेट्रन पियानोच्या बाकावर बसली.

*

दर महिन्याला बायकांच्या प्रार्थनासभेत बोलायची पाळी आली की ती मोह हाच विषय घ्यायची. तिचा तो हातखंडा होता. नर्सबाईच्या थाटात सांगायची: मोह हा संसर्गासारखा असतो, हात धुवा, लांब राहा, शंका आली तर आधीच दार लावून घ्या. बायकांना पटायचं. दारू, पत्ते, नटवेपणा, परक्याच्या संसारात डोकावणं, यांपासून ती स्वतः लांबच राहिली होती. सोपं गेलं होतं. तिला त्यातलं काही नकोच होतं.

आता जे हवं होतं ते तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि कुठलं दार लावायचं ते कळत नव्हतं.

कुणाला समजणार नव्हतं. बाबा रागावले असते, घरघरले असते, पण त्या घरघरीचा अर्थसुद्धा तीच सांगणार होती. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती हे तिच्या लक्षात आलं: 'बाबा म्हणतात, आलास तेवढं पुरे झालं, आता जा.' बाबांच्याच ढंगाचं. तुटक, थोडं रागीट, आत कुठेतरी ओलावा. बारक्यानं शंभर टक्के विश्वास ठेवला असता. किती छान जमलंय, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यानं ती दचकली. हे आज शिकलेलं नव्हतं. भांडी धुतलेल्या पाण्यापासून तिचा हात बसत आला होता. वर्षभर ती बाबांच्या तोंडात स्वतःचे शब्द घालत होती. गोड शब्द होते म्हणून कुणाच्या दाताखाली आले नाहीत, एवढंच. आज कडू घालायचा होता.

तिनं हात जोडले. नेहमीच्या प्रार्थनेची सुरुवात ओठांवर आली, पण ती तिला कुणा दुसऱ्याच बाईची वाटली. तिनं ती सोडून दिली. मग जे होतं तेच म्हणाली.

"प्रभू, मला त्याला माफ करायचं नाहीये. ढोंग करत नाही. तो बाहेर उभा राहिला तर मला बरं वाटेल. त्याला ते वाक्य मिळू नये असं मला वाटतंय, कारण मला काहीच मिळालं नाही." ही गोष्ट तिलाही आत्ताच कळत होती. "माझं मन बदल असं म्हणत नाही. ते तुझ्याच्यानं होईल, पण चारच्या आत होईलसं दिसत नाही. नुसतं माझं तोंड धर. ते माझं नाही, बाबांचं आहे, एवढं मला विसरू देऊ नकोस."

काही झालं नाही. मन हलकं झालं नाही, शांती उतरली नाही. राग होता तिथेच, होता तेवढाच होता. पण तो राग आता तिला समोर ठेवल्यासारखा स्पष्ट दिसत होता: हा माझा आहे. आणि ते वाक्य बाबांचं आहे. एवढ्या वेळात पहिल्यांदाच दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या झाल्या होत्या.

ती उठली. जिना चढताना तिला तीनदा वाटलं की मागे फिरावं, आणि तीनदा तिनं पुढची पायरी चढली.

*

"सगळे आत या," ती म्हणाली.

वहिनीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच दादाच्या जवळ सरकली. बारक्या आधीच पायथ्याशी उभा होता. आत्या खुर्चीत.

"मगाशी मला कळलं होतं," मेट्रन म्हणाली. "पहिल्या वेळीच. लागलं नाही म्हणाले ते खोटं होतं. बाबा म्हणाले, 'मी बोलवायला हवं होतं.'"

आत्या खुर्चीत पुढे झुकली.

"दोनदा म्हणाले," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा, वॉर्डात सकाळचा अहवाल द्यावा तसा. त्याहून गोड तिला जमलं नाही. "पाणी पिण्याआधी. आणि नंतर सांग म्हणून माझा हात धरून बसले."

"काय म्हणाला?" आत्यानं कानामागे हात धरला.

"मी बोलवायला हवं होतं!" मेट्रनला ओरडावं लागलं. ते वाक्य खोलीत, जिन्यात, रस्त्यावर, सगळीकडे गेलं.

बाबांनी डोळे मिटले. डाव्या गालावरून पाणी ओघळलं, मग उजव्या. जबडा हलला, आणि या वेळी जो शब्द आला तो घोगरा होता, लांबलेला होता, पण खोलीतल्या एकूण एक माणसाला कळला.

"चु...क...लो."

बारक्या पलंगाच्या कडेशी खाली बसला, पिशवीसकट. त्यानं बाबांचा हात कपाळाला लावला आणि त्याचे खांदे हलायला लागले. "मीच यायला हवं होतं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "कुणी न बोलवता यायला हवं होतं, बाबा."

मेट्रनने त्याचा भर ओसरू दिला. मग म्हणाली, "हे बाबांचं झालं. आता माझं. माझं आहे, त्यांचं नाही, नीट वेगळं ऐक."

बारक्यानं वर पाहिलं.

"मला तुझा राग आहे. आत्ताही आहे. आईची पेटी कलली होती रे. सबंध वाट कलली होती, कारण तुझ्या जागी बुटका माणूस होता. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही." तिचा आवाज फाटला. "हा राग मी बाबांच्या तोंडून काढणार होते. खाली बसून वाक्यसुद्धा जुळवलं होतं. ते मी बोलले नाही. पण राग गेलाय असं समजू नकोस. जाईल तेव्हा सांगेन."

"सांग," बारक्या म्हणाला. "मी थांबतो."

"थांबतो म्हणजे? चारची गाडी आहे ना तुझी?"

त्यानं दादाकडे पाहिलं. दादा खिडकीशी गेला होता, पाठमोरा. त्याच्याकडून कुणी गळाभेटीची अपेक्षा केली नव्हती, आणि ती झालीही नाही.

"रविवारी गाडीला गर्दी असते," दादा शेवटी खिडकीला म्हणाला. "बसायला जागा मिळत नाही. उद्याची बघ."

वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी सूप गरम करते."

पलंगावरून लगेच काहीतरी घरघर आली. सगळ्यांनी सवयीनं मेट्रनकडे पाहिलं.

"बाबा काय म्हणाले?" वहिनीनं विचारलं.

मेट्रनने बाबांकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "म्हणाले, ते भांडी धुतलेलं पाणी नको."

वहिनीनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे बाबा इतके दिवस आवडलं म्हणत होते ते?"

"ते मी म्हणत होते."

"अग बाई!" वहिनी म्हणाली. तिला राग यावा की हसू हे ठरायच्या आत आत्या खदखदून हसली. नेमका तेवढाच भाग तिला लख्ख ऐकू आला होता.

*

दुपारी मेट्रन बारक्याला पलंगाशी घेऊन बसली.

"ओठ मिटत नाहीत त्यांचे, हे ध्यानात ठेव. म्हणजे प, ब, म, व गेले. जिथे ओठ लागतात ते सगळं हवेत जातं. 'पाणी' म्हणाले की 'आणी' ऐकू येईल. 'आणी' म्हणजे काही आणायचं नाही, पाणी द्यायचं. जिभेची अक्षरं बरी येतात, ह कधी येतो, कधी नाही. घाई करू नकोस. अर्ध्यावर अंदाज सांगितलास तर चिडतात."

बारक्या मान एका बाजूला कलती करून ऐकत होता. लहानपणी तार ऐकायचा तसा. मेट्रनला वाटलं, याला फार दिवस लागणार नाहीत. वर्षभर या घरात जिच्याशिवाय पान हलत नव्हतं ती गोष्ट ती स्वतःच्या हातानं देत होती, आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे माहीतही नव्हतं.

"अजून काय?" त्यानं विचारलं.

"सांगताना गाळू नकोस," ती म्हणाली. "काही बरं वाटलं नाही तरी. आणि भर घालू नकोस. बस, एवढंच."

ती बाहेर आली आणि दार अर्धं ओढून घेतलं. ओसरतं ऊन आता पश्चिमेच्या खिडकीतून थेट उशीवर येत होतं. आतून बाबांचा आवाज आला.

"अडदा ओढ."

"ओढू?" बारक्याचा आवाज. "काय ओढू? पांघरूण?" चादर सळसळली.

"अडदा!"

"वर ओढू अजून? गळ्यापर्यंत? बाबा, उकडेल तुम्हाला. बरं, हे घ्या."

"अ-ड-दा!"

"खुर्ची ओढू? जवळ येऊ?" खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. "हा बघा, आलो."

मेट्रनचा हात दाराच्या कडीवर गेला होता. ऊन बाबांच्या डोळ्यांवर असणार. एक शब्द, की काम झालं. तिनं हात मागे घेतला. आतून एक विचित्र आवाज आला, भात्यातून हवा सुटावी तसा, थांबून थांबून. क्षणभर तिचा नर्सचा जीव घाबरला. मग तिला कळलं, बाबा हसत होते. झटका आल्यापासून ते हसलेले तिनं ऐकले नव्हते. मग बारक्याही हसायला लागला.

आत्या व्हरांड्यातून काठी टेकत आली. "काय चाललंय आत?"

"बाबांना पडदा ओढून हवाय," मेट्रन तिच्या कानाशी वाकून म्हणाली.

"मग सांग की त्याला! इथे काय उभी राहिलीस?"

मेट्रनने आत्याच्या हातात आपला हात अडकवला आणि तिला हळूहळू दारापासून लांब वळवलं.

"कळेल त्याला," ती म्हणाली.